सहकाऱ्याकडून लैंगिक छळ होत असेल तर: तक्रार कशी, कुठे आणि किती दिवसांत

आधी तारीख बघा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार, म्हणजे ऑफिसात ज्याला सगळे 'पॉश' म्हणतात त्यानुसार, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. प्रकार पुन्हापुन्हा घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचे. उशिराला सबळ कारण असेल तर तक्रार ऐकणारी समिती ते नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापुढे नाही. कोलकात्यातल्या एका विधी विद्यापीठातील प्राध्यापिकेची तक्रार सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याच मुद्द्यावर अडली. छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ मधली होती आणि तक्रार डिसेंबरात दिलेली.

हे महिने बहुतेक वेळा 'मी बोलतो त्याच्याशी' या आश्वासनात जातात. मॅनेजरला किंवा एचआरला तोंडी सांगणे ही कायद्याच्या दृष्टीने तक्रार नव्हे. तक्रार अंतर्गत समितीच्या नावे, कागदावर हवी.

दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे ही समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक बाहेरची व्यक्ती. समितीचा आदेश दर्शनी जागी लावणे मालकावर बंधनकारक आहे. लावला नसेल तर ईमेलवर मागा. दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. महाराष्ट्रात ही समिती कुठे आहे ते जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. कंत्राटी, हंगामी, शिकाऊ, घरकाम करणाऱ्या, सगळ्यांना हा कायदा लागू आहे. केंद्राच्या 'शी-बॉक्स' पोर्टलवरूनही तक्रार देता येते.

तक्रार लिहिताना

प्रत्येक घटनेला वेगळा परिच्छेद द्या: तारीख, साधारण वेळ, जागा, तो काय बोलला किंवा काय केले, कोण हजर होते, तुम्ही काय उत्तर दिले. 'अश्लील बोलला' एवढ्यावर थांबू नका. शब्द कितीही घाणेरडे असोत, जसेच्या तसे लिहा. गोळाबेरीज लिहिली की समितीला तोलायला काही उरत नाही आणि समोरचा सरळ 'मस्करी होती' म्हणतो. तारीख नक्की आठवत नसेल तर 'मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, ऑडिट चालू असताना' असे लिहा; अंदाजाने तारीख टाकली आणि त्या दिवशी तो माणूस रजेवर निघाला तर बाकीच्या घटनांवरही शंका येते.

नियमाप्रमाणे सहा प्रती द्यायच्या, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते. सातवी प्रत तुमची. तिच्यावर तारखेसह पोच घ्या आणि तीच तक्रार त्याच दिवशी ईमेलही करा.

व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट जोडा, पण मूळ चॅट आणि तो फोन जपून ठेवा; नुसत्या स्क्रीनशॉटवर 'हे बनवलेले आहे' असा आक्षेप येतोच. त्याच दिवशी मैत्रिणीला पाठवलेला मेसेजही उपयोगी ठरतो. सीसीटीव्ही काही दिवसांनी आपोआप पुसला जातो, म्हणून फुटेज राखून ठेवण्याची मागणी तक्रारीतच करा.

अंतरिम दिलासाही लेखी मागावा लागतो. दोघांपैकी कोणाचीही बदली, तुम्हाला हक्काच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि तुमच्या कामाचा अहवाल लिहिण्याचे काम त्याच्याकडून काढून घेणे, एवढे समिती सुचवू शकते. 'बदली करा' इतकेच लिहिले तर हलवले जाते ते बहुधा तक्रारदारालाच. कोणाची, ते स्पष्ट लिहा.

चौकशीत

सात कामकाजी दिवसांत तक्रारीची प्रत ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याला जाते, दहा कामकाजी दिवसांत त्याचे उत्तर यायला हवे, नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण. अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, आणि मालकाची कारवाई साठ दिवसांत. समितीसमोर वकील चालत नाही, कोणाचाच. लागोपाठ तीन तारखांना गैरहजर राहिलात तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन समिती काम संपवू शकते. यायला जमणार नसेल तर आधी लेखी कळवा.

त्यालाही बाजू मांडायला पुरेसा वेळ मिळणे तुमच्याच फायद्याचे असते, हे पटायला जड जाते. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाची बडतर्फी मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द करून प्रकरण समितीकडे परत पाठवले, कारण चौकशी घाईत उरकली होती. मूळ तक्रारींना तोवर दशक उलटून गेले होते.

'मिटवून टाका' असा आग्रह झाला तर लक्षात ठेवा: सामोपचार फक्त तुमच्या विनंतीवरूनच होतो, त्यात पैशांची देवघेव चालत नाही आणि तडजोड झाली की चौकशी होत नाही. खोट्या तक्रारीची भीतीही घातली जाते. पण आरोप सिद्ध झाला नाही एवढ्याने तक्रार खोटी ठरत नाही. खोटेपणा आणि द्वेषबुद्धी वेगळी सिद्ध करावी लागते.

पोलीस

समितीचा निकाल येईपर्यंत थांबायची गरज नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ७५ लैंगिक छळाचे, ७४ विनयभंगाचे (शिक्षा एक ते पाच वर्षे), ७८ पाठलागाचे. 'आधी कंपनीत जा' हे ठाण्यातले उत्तर चुकीचे आहे. हद्दीचे कारण दिले तर शून्य क्रमांकाने गुन्हा (झिरो एफआयआर, म्हणजे हद्द नसली तरी होणारी नोंद) नोंदवायला सांगा. तरीही नकार मिळाला तर अधीक्षकांना किंवा आयुक्तांना लेखी तक्रार टपालाने पाठवा, मग दंडाधिकाऱ्यांकडे.

छळ लैंगिक नसेल, किंवा तक्रारदार पुरुष असेल, तर पॉश लागू होत नाही. तिथे सेवानियमांनुसार शिस्तभंगाची तक्रार करायची. धमकी असेल तर न्याय संहितेचे कलम ३५१, चारचौघांत जातिवाचक शिवीगाळ असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा.

समितीची शिफारस मान्य नसेल किंवा मालकाने ती अमलातच आणली नाही, तर नव्वद दिवसांत अपील करता येते. त्यासाठी अहवालाची प्रत लागते. ती दोन्ही बाजूंना देणे समितीवर बंधनकारक आहे. दिली नाही तर लेखी मागा आणि हाती पडल्याची तारीख प्रतीवरच लिहून ठेवा.