आभासी वर्गात शिक्षकाचा अवतार कसा असावा

सोलापुरातल्या एखाद्या आयटीआयच्या मुलांना आभासी वर्गात यंत्रमाग शिकवायचा असेल, तर मागाच्या मॉडेलइतकाच विचार स्वतःच्या अवताराचा, म्हणजे त्या वर्गात तुमच्या जागी दिसणाऱ्या संगणकी आकृतीचाही करा. पहिल्या तासाला जो चेहरा आणि जे कपडे, तेच पुढेही ठेवा, म्हणजे गर्दीत मुलांना सर किंवा मॅडम कुठे आहेत ते लगेच कळतं. कपड्यांचा रंग मागच्या भिंतीहून वेगळा हवा. आणि हात! धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा भाग, कुठून कुठे जातो हे दाखवायचं, तर बोट रोखू शकणारा अवतारच घ्या. नुसतं तरंगतं डोकं तिथे कुचकामी.

उंचीकडे खास लक्ष द्या. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांच्या २००७ च्या प्रयोगात उंच अवतार मिळालेली माणसं पैशांच्या वाटाघाटीत जास्त ठाम वागली. बुटका अवतार मिळालेल्यांनी अन्यायकारक वाटणीही अधिक सहज मान्य केली. म्हणून गटकामात सगळ्या मुलांचे अवतार साधारण एकाच उंचीचे ठेवा. लाजऱ्या मुलांना मागे सरायला आणखी एक कारण मिळायला नको. पोशाख, केस, त्वचेचा रंग मात्र त्यांचा त्यांना निवडू द्या. फक्त डोक्यावर खरं नाव दिसू दे, म्हणजे हजेरी घेताना अडत नाही.