कमिशनिंगचा खर्च आणि फायदा सांगताना या चुका टाळा

एसी थंड करतोय, पंप फिरतोय, म्हणजे कमिशनिंग झालं असं नाशकातले बरेच मालक अजून धरून चालतात. खरं तर प्रत्येक यंत्रणा ठरवल्याप्रमाणे चालते का हे मोजायचं, नोंदवायचं आणि चुकलेलं दुरुस्त करून घ्यायचं, हे कमिशनिंग. त्याची फी मालकाला पटवायची तर सातपूर, अंबड, गंगापूर रोडवरच्या इमारतींचे आकडे हातात हवेत, आणि ते कमिशनिंग करणाऱ्या आपणच एकमेकांना द्यायला हवेत. मात्र चुकीचा आकडा एकदा फिरला की पुढच्या दहा जणांचा विश्वास जातो.

सर्वांत जास्त घोळ होतो ऋतूचा. ऑक्टोबरमध्ये काम केलं, डिसेंबरचं बिल उतरलं, की लगेच बचत जाहीर! निफाडचा पारा रोज बातम्यांत येतो त्या दिवसांत चिलर (मोठ्या एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) तसाही कमीच चालतो. कामाआधीचे बारा महिने आणि नंतरचे बारा महिने समोरासमोर ठेवा, घाई असेल तर निदान त्याच महिन्याची गेल्या वर्षाशी तुलना करा. दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षाच्या प्रीकूलिंगला, म्हणजे काढणीनंतर माल लगेच थंड करण्याला, महिन्याची तुलनाही पुरत नाही. तिथे द्राक्षाच्या टनामागे विजेचे किती युनिट लागले ते लिहा. हॉटेलवाल्यांनी सिंहस्थाचं वर्ष वेगळं दाखवावं, कारण तेव्हाची गर्दी नेहमीची नसते.

दुसरी चूक बिलातली, आणि ती लवकर लक्षात येत नाही. बचत फक्त रुपयांत सांगू नका, दर बदलतात. उच्चदाब ग्राहकांना महावितरण २०२० पासून केव्हीएएच युनिटवर आकारणी करते; त्यात प्रत्यक्ष वापरलेल्या विजेसोबत पॉवर फॅक्टरचाही (घेतलेल्या विजेतला किती भाग खऱ्या कामाला लागतो) परिणाम धरला जातो. नवीन कपॅसिटर बँक (पॉवर फॅक्टर सुधारणारा कपॅसिटरचा संच) बसवून तो सुधारला की बिलातले युनिट घटतात, पण इमारतीने वापरलेली वीज जवळपास तेवढीच असते. म्हणून केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेले युनिट, वेगळे लिहा.

आकडे तरीही जुळत नसतील तर आधी बिल किती दिवसांचं आहे ते मोजा. मग गच्चीवर सोलर बसलंय का ते बघा. नेट मीटरिंगमध्ये सोलरची वीज बिलातून वजा होते आणि तीच बचत कमिशनिंगच्या नावावर चढते. जनरेटरचं डिझेलही धरायचं राहून जातं. सबमीटरचे (एकेका यंत्रणेच्या वेगळ्या मीटरचे) आकडे अगदीच विचित्र दिसले तर सीटी रेशो, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर प्रवाह किती पटीने कमी करून मीटरला देतो ते प्रमाण, चुकीचा भरलाय का ते तपासा; ही चूक मी स्वतः एकापेक्षा जास्त ठिकाणी पकडली आहे.

खर्चाचे तीन भाग करा: तपासणीची फी, दुरुस्ती, नवीन सामान. चिलर बदलल्याचा खर्च आणि त्याची बचत कमिशनिंगमध्ये मिसळली की दोन्ही आकडे निरर्थक होतात. क्षेत्रफळ कार्पेट की सुपर बिल्टअप, तेही लिहा, नाहीतर चौरस फुटाचा हिशेब कुणाशीच जुळणार नाही.

परदेशी आकडे जपून वापरा. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये ६४३ इमारतींचे आकडे मांडले. जुन्या इमारतींत चौरस फुटाला ३० सेंट खर्च, १६ टक्के ऊर्जाबचत आणि १.१ वर्षात परतफेड, नव्यांत १.१६ डॉलर, १३ टक्के आणि ४.२ वर्षे. हे मध्यक आहेत, म्हणजे निम्म्या इमारतींचं फळ याहून कमी. शिवाय तिथली मजुरी वेगळी, विजेचा दर वेगळा. डॉलरला रुपयाने गुणून ते नाशिकच्या मालकापुढे ठेवणं ही फसवणूकच होईल. त्या अभ्यासातून पद्धत जरूर घ्या.

आणि फसलेली कामं लपवू नका, ही माझी कळकळीची विनंती. एका रुग्णालयात आम्ही एएचयूचे (थंड हवा खोल्यांत फिरवणाऱ्या यंत्रांचे) टाइमर नीट लावून दिले होते. वर्षभराने गेलो तर सगळे मॅन्युअलवर. बचत संपली होती. ती नोंद मला आजही सर्वांत मोलाची वाटते, कारण तेव्हापासून प्रत्येक कोटेशनमध्ये मी वर्षानंतरची एक भेट धरतो. मालक लाजत असेल तर इमारतीचं नाव आणि बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक काढून टाका. इमारतीचा प्रकार, क्षेत्रफळ, चालण्याचे तास, आधीचे-नंतरचे युनिट आणि कुणी काय बदललं एवढं मात्र राहू द्या.