सौम्य सिगार, निवांत संध्याकाळ: तासभराची तयारी

सिगार बाहेर काढण्याआधी एकदा घड्याळ बघा. पाच इंची ‘रोबुस्टो’ सिगार पाऊण ते एक तास चालतो. तेवढी सवड नसेल तर आजचा बेत राहू द्या. घाईघाईने ओढलेला सिगार तापतो, आणि तापला की सौम्यातला सौम्य सिगारही जिभेला झोंबतो. पुढे जे सांगतो आहे त्यातलं बहुतेक सगळं सिगार गार राखण्यासाठीच आहे.

निवड करताना एक गैरसमज आधी बाजूला ठेवा. फिकट रंग म्हणजे सौम्य आणि गडद म्हणजे कडक, असं सरसकट नसतं. रंग दिसतो तो सर्वांत बाहेर गुंडाळलेल्या पानाचा. कडकपणा बराचसा आतल्या भरणीतून येतो. तंबाखूच्या झाडाच्या शेंड्याकडची ‘लिगेरो’ पानं भरपूर ऊन खातात. ती जाड, कडक असतात आणि सावकाश जळतात. मधली ‘सेको’ आणि खालची ‘व्होलाडो’ पानं हलकी असतात. दुकानदाराला सरळ विचारा, ‘लिगेरो कमी असलेला कोणता?’ तरीही पहिल्यांदा घेणाऱ्याला मी ‘कनेक्टिकट शेड’ पानाचाच सिगार सुचवीन. हे पान कापडी मांडवाखाली, सावलीत वाढवतात. ते पातळ आणि मऊ असतं आणि बहुतेक सौम्य सिगारांवर तेच सापडतं.

सिगार बोटांत धरून हलकेच दाबा. दबून परत वर आला तर ठीक. कुरकुरला तर वाळलेला आहे, घेऊ नका. घरी ठेवायचा असेल तर ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, तिथे तो वाळतो आणि इतर पदार्थांचे वासही धरतो.

उपाशीपोटी कधीच नको. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, फक्त तोंडात खेळवून सोडायचा असतो. पण निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात उतरतं. रिकाम्या पोटी गरगरतं, मळमळतं, घाम फुटतो. जेवून बसा, पाणी जवळ ठेवा. तसं झालंच तर सिगार लगेच ठेवून द्या आणि काहीतरी गोड खा.

आता टोक कापायचं. तोंडात धरायच्या बाजूला पानाची छोटी टोपी चिकटवलेली असते. ती जिथे गोलाई सोडून सरळ होते त्या रेषेच्या वरच कापा, दोनेक मिलिमीटर पुरे. मी सुरुवातीला खोल कापायचो आणि अर्ध्या वाटेत बाहेरचं पान उलगडून ओठांना चिकटायचं. कटर धारदार हवा, आणि दाब एकाच झटक्यात.

पेटवणं हा माझ्या सर्वांत आवडीचा भाग. गॅसचा लायटर किंवा लांब लाकडी काडी घ्या. काडी असेल तर डोक्यावरचं गंधक आधी जळून जाऊ द्या. सिगार अजून हातातच असू द्या. ज्योतीच्या टोकापासून जरा वर, तिरका धरून सावकाश फिरवा. आधी कडेला काळी रेघ उमटते, मग मध्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी लाली चढते. आता तोंडात धरून, फिरवत फिरवत दोन-तीन हलके झुरके घ्या. शेवटी टोकावर फुंकर घाला. निखारा गोल आणि सगळीकडे सारखा लाल दिसला की जमलं. एखादी बाजू काळी राहिली असेल तर तिथेच पुन्हा ज्योत दाखवा. आत्ता आळस केला तर तो शेवटपर्यंत वाकडाच जळतो.

त्यानंतर मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. मधल्या वेळात गप्पा मारा, नाहीतर नुसते बसून राहा. सौम्य सिगारमध्ये लोणी, सुकं गवत, भाजलेले काजू यांची आठवण देणारी चव येते, ती या संथपणातच कळते. राख सारखी झटकू नका. इंचभर साठली की राखदाणीच्या काठावर टेकवा, आपोआप गळते. मध्येच विझला तर राख काढा, आतला शिळा धूर फुंकून बाहेर घालवा आणि पुन्हा पेटवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. सौम्य हे चवीचं वर्णन आहे, तब्येतीच्या दृष्टीने तो निर्धोक नाही. धूर आत न घेताही तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच, आणि रोज ओढू लागलात तर तो वाढत जातो. म्हणून माझ्या मते हा प्रकार क्वचितच्या संध्याकाळीच ठेवावा, तोही उघड्यावर, लहान मुलांपासून लांब.

शेवटच्या तिसऱ्या हिश्शात धूर गरम होतो आणि चव जड होते. बोटांना ऊब जाणवू लागली की थांबा, पैसे दिलेत म्हणून थोटकापर्यंत ओढू नका. सिगारेटसारखा चिरडूही नका, त्याने उग्र वास सुटतो. राखदाणीत आडवा ठेवून द्या. काही मिनिटांत तो आपणहून विझतो. पूर्ण गार झाल्यावरच थोटूक कचऱ्यात टाका.