सोलरची वीज कमी येतेय? प्लेट बदलण्याआधी जोड मोजा

सोलरवरचे दिवे रात्री आठ-नऊलाच विझू लागले की गावात पहिला सल्ला मिळतो, "प्लेट गेली, नवी टाका." बहुतेक वेळा हा सल्ला चुकीचा असतो. काच शाबूत असलेली प्लेट वर्षाला अर्धा-एक टक्का कमजोर होते. एका उन्हाळ्यात वीज निम्म्यावर आली असेल, तर दोष जोडात, वायरमध्ये किंवा बॅटरीत शोधायचा.

इथली पद्धत वावरातल्या खोपडीवर किंवा मेळघाट-भामरागडकडच्या घरांवर असते तशा १२ व्होल्टच्या संचासाठी आहे: १०० वॉटच्या, ३६ सेलच्या एक-दोन प्लेटा, पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर (प्लेटची वीज सांभाळून बॅटरीत सोडणारी साध्या प्रकारची पेटी) आणि ट्यूबलर बॅटरी. सौर कृषिपंपावर हे करू नका. तिथे प्लेटा एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि वायरीत शेकडो व्होल्ट डीसी असतो.

प्लेट सकाळी गार असताना धुवा आणि लगेच फडक्याने पुसा, नाहीतर बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात. तुरीच्या मळणीनंतर हे आधी करा. कुटाराची धूळ दवात भिजून काचेला चिकटते, ती वाऱ्याने जात नाही.

सावली हिवाळ्यात तपासा. नागपूरकडे डिसेंबरअखेर भरदुपारीही सूर्य जेमतेम ४५ अंशांवर असतो, म्हणजे दहा फुटी भिंतीची सावली दहा फूट पडते. मे महिन्यात अडचण न करणारी कडुलिंबाची फांदी तेव्हा प्लेटवर येते, आणि एका सेलवरची सावली अर्धी प्लेट बंद पाडू शकते.

आता मोजणी. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर, डीसी मोजणाराच हवा. वायरमनकडचा साधा क्लॅम्प मीटर बहुधा फक्त एसी करंट मोजतो. वेळ सकाळी ११ ते दुपारी १, आकाश निरभ्र, आणि बॅटरी अर्धी तरी उतरलेली. ही शेवटची अट लोक विसरतात. बॅटरी भरली की कंट्रोलर स्वतःच करंट तोडतो. तेव्हा १ अँपिअर दिसला तर तो दोष नव्हे. आदल्या रात्री पंखा-दिवे चालवून बॅटरी उतरवून ठेवा.

प्लेटवर घोंगडी टाका, मग वायर सोडवा. उन्हात चालू करंटवर एमसी४ कनेक्टर (सोलर वायरींचा खटक्याचा प्लग) ओढला तर डीसीची ठिणगी लांब खेचली जाते आणि कनेक्टर जळतो. घोंगडी काढून मोकळ्या प्लेटचे व्होल्ट मोजा. लेबलवर २१-२२ असतील, पण मे महिन्यात सेल ६५ अंशांपर्यंत तापतात, तेव्हा १९ दिसले तरी प्लेट ठीक आहे. १०च्या आसपास दिसले तर मागच्या डब्यातला एक डायोड (सावलीतले सेल वगळून करंट पुढे नेणारा छोटा भाग) शॉर्ट झाला असण्याची शक्यता मोठी. अर्धी प्लेट त्याने गिळलेली असते. डायोड बदलता येतो, प्लेट फेकू नका.

बहुतेक जण इथेच फसतात. मोकळ्या प्लेटचे व्होल्ट कंट्रोलरपर्यंत पूर्ण आलेले दिसले की "वायरिंग चांगलं आहे" असं ठरवून टाकतात. ही मोजणी जोडाबद्दल काहीच सांगत नाही. करंट वाहत नसेल तर गंजलेल्या, एका तारेवर लटकलेल्या जोडातूनही मीटरला पूर्ण व्होल्ट मिळतात. ठिबकची नळी तुंबलेली असली तरी शेवट बंद असताना दाब पूर्णच दिसतो, तसंच हे. जोड मोजायचा तो करंट वाहत असतानाच.

म्हणून सगळं पुन्हा जोडा, आधी बॅटरी, मग प्लेट. चार्जिंग सुरू झालं की तीन ठिकाणी व्होल्ट मोजा: प्लेटमागच्या डब्यात, कंट्रोलरच्या सोलर टर्मिनलवर, बॅटरीच्या खांबांवर. डब्यात १५.४ आणि कंट्रोलरवर १३.५ आले, तर जवळपास २ व्होल्ट वाटेत जळताहेत. प्लेट ते कंट्रोलर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट मान्य करू नका. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही: तापलेली प्लेट १५ व्होल्टच्या वर नीट करंट देत नाही आणि बॅटरीला १४.४ हवे असतात. हिवाळ्यात चालून गेलेला खराब जोड मे महिन्यात म्हणूनच उघडा पडतो.

मग एकेक जोड धरा. मीटर डीसीच्या २ व्होल्ट रेंजवर ठेवा, एक टोक वायरच्या तांब्याला, दुसरं पलीकडच्या धातूला. दोन्ही टोकं स्क्रूच्या डोक्यावर टेकवली तर जोड मोजलाच जात नाही. ५-६ अँपिअर वाहत असताना ०.०५ व्होल्टच्या आत असेल तर जोड चांगला, ०.२च्या वर असेल तर कापून नवा करा. छतावर पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड मोजत बसू नका, सरळ काढा. उन्हात टेपचा डिंक वितळतो, पावसाळ्यात पाणी आत जातं आणि तांबं हिरवं पडतं. एमसी४च्या आत टोक जात नाही. तो बाहेरून हाताला शेजारच्यापेक्षा गरम लागला तर बदला, आणि पकडीने दाबू नका, त्याचं क्रिंपिंग हत्यार (धातूची पिन वायरवर दाबून बसवायचं) मागून आणा.

बॅटरीच्या बाजूची घट जास्त घातक. तिथे कंट्रोलरला बॅटरी आहे त्याहून भरलेली वाटते आणि तो वेळेआधी करंट तोडतो. खांबांवरची पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, मग व्हॅसलीन लावा.

जोड चांगले असूनही घट असेल तर वायर बारीक आहे. प्लेट दहा मीटरवर म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर तांबं. एका प्लेटचे ५ अँपिअर दीड स्क्वेअर एमएममधून नेले तर सुमारे १.२ व्होल्ट जातात, ६ स्क्वेअर एमएममधून ०.३५च्या आत. घरच्या फिटिंगची उरलेली वायर इथे वापरू नका.

७२ सेलची ३३० वॉटची प्लेट पीडब्ल्यूएमवर लावून १२ व्होल्टची बॅटरी भरत असाल, तर १२० वॉटच्या आसपासच मिळणार. वायरिंग कितीही सुधारा, तिला प्लेटचे जादा व्होल्ट करंटमध्ये बदलणारा एमपीपीटी कंट्रोलरच लागतो.

एवढं करूनही बॅटरी सकाळी दहालाच १४.४ला पोहोचत असेल आणि रात्री तासाभरात बसत असेल, तर बॅटरीच थकली आहे. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची काचनळी) लावा. भरलेल्या ट्यूबलर बॅटरीत १.२४च्या आसपास हवं; पाच सेल १.२३ आणि एक १.१५ असेल तर तो सेल गेला. पाणी फक्त डिस्टिल्ड घाला, ॲसिड ओतू नका.

दुरुस्तीनंतर त्याच वेळी, तशाच उन्हात पुन्हा मोजा आणि तिन्ही व्होल्ट, अँपिअर व तारीख कंट्रोलरशेजारी भिंतीवर लिहून ठेवा.