'सेरेन्डिपिटी' म्हणजे नुसता योगायोग नव्हे. या चुका टाळा

'सेरेन्डिपिटी' या इंग्रजी शब्दाचं मराठी करताना बहुतेक जण 'योगायोग' लिहून मोकळे होतात. भाषांतरं करताना मीही कित्येक वर्षं तेच केलं. त्यात अर्धा अर्थ गळतो, आणि गळतो तो नेमका मोलाचा.

हा शब्द ज्या परीकथेवरून घडला, तीच बघा. सेरेन्दिपच्या तीन राजपुत्रांना वाटेत उंट हरवलेला माणूस भेटतो. तिघांनी उंट पाहिलेलाही नसतो, तरी ते खुणा सांगतात: एक डोळा गेलेला, एका पायाने लंगडा, एक दात पडलेला, पाठीवर एकीकडे लोणी, दुसरीकडे मध. साहजिकच चोर म्हणून तेच पकडले जातात. त्यांनी फक्त रस्ता नीट पाहिलेला असतो. एका कडेचं चांगलं गवत जसंच्या तसं, दुसऱ्या कडेचं निकस गवत मात्र खाल्लेलं. चघळलेल्या गवताचे दाताएवढे बोळे पडलेले. एक पाय फरफटल्याची खूण. एका बाजूला मुंग्या, दुसऱ्या बाजूला माश्या.

म्हणूनच इंग्रज लेखक होरेस वॉल्पोलने २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात हा शब्द घडवला, तेव्हा अपघात आणि चाणाक्षपणा यांची सांगड घातली. शिवाय जे सापडलं ते शोधत नसावं, ही अट. तासभर धुंडाळून किल्ली सापडली, तर ती सेरेन्डिपिटी नाही.

'घुणाक्षरन्याय'ही इथे बसत नाही. किडा लाकूड कोरतो, अक्षर उमटतं, पण किड्याला ते वाचता कुठे येतं? १९२८ मध्ये शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्लेमिंगच्या जिवाणू वाढवायच्या बशीत बुरशी आपोआप आली. तिच्याभोवतीचे जिवाणू विरघळताहेत हे मात्र त्याने पाहिलं, आणि त्यातून पुढे पेनिसिलिन हाती आलं.

आणखी एक गैरसमज: हा शब्द परीकथेतच आहे. कथेत फक्त सेरेन्दिप आहे, आणि तेही काल्पनिक नाही. अरब आणि इराणी लोक श्रीलंकेला 'सरनदीब' म्हणत. त्यामागे आपलं 'सिंहलद्वीप' आहे. ही कथा १५५७ मध्ये व्हेनिसला इटालियनमध्ये छापली गेली, आणि वॉल्पोलपर्यंत पोचली तोवर त्याच्या आठवणीत उंटाचं खेचर झालं होतं!

विज्ञानविषयक मजकुरात मी आता 'सेरेन्डिपिटी' तसाच ठेवते. ललित लेखनात मात्र वाक्य फोडते: 'अवचित समोर आलं, आणि त्याने ते ओळखलं.'