आवणीनंतरचे चाळीस दिवस: खाचरात जागा कोणाची?

जुलैचा पाऊस जोर धरतो तसा मुरबाड, शहापूर, भिवंडीकडे आवणीला, म्हणजे भाताची रोपे खाचरात लावायला, वेग येतो. रोपे लागतात, माणसे थकतात आणि बेणणी, म्हणजे तण काढणे, पुढच्या आठवड्यावर जाते. शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदा तसे होऊ देऊ नका. पहिले चाळीस-पंचेचाळीस दिवस भाताला फुटवे येण्याचे असतात. या दिवसांत तणाने उजेड आणि नत्र ओढून घेतले, तर मागाहून कितीही बेणले तरी बुडालेले फुटवे येत नाहीत.

कुठले तण कुठे माजेल, हे माती आणि पाण्याइतकेच शेजारीही ठरवतो. १९६१ साली जीवशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर खडकाला चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल या कवचधारी जीवाच्या दोन जातींवर हे दाखवून दिले. वरच्या कोरड्या पट्ट्यात राहणारी जात खालीही जगू शकत होती, पण खालची जोमदार जात तिला दाबून उचकटून टाकत होती. आपल्या ठाणे खाडीतले तिवर हे खारफुटीचे झाडही भर समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यापेक्षा थोड्या कमी खाऱ्या पाण्यात अधिक जोमाने वाढते. तरी गोड्या पाण्याच्या झाडांच्या दाटीत त्याला जागा मिळत नाही, ते खाऱ्या चिखलात तग धरून राहते.

खाचरातही हेच चालते. वरकसावर, म्हणजे पाणी न साठणाऱ्या उंच जमिनीवर, आणि बांधावर माजणारा लव्हाळा भरल्या खाचरात दबतो. पाखड या भातासारख्या दिसणाऱ्या गवताचे बी उघड्या ओल्या चिखलात झपाट्याने उगवते, पाण्याखाली त्याला जड जाते. भाताच्या खोडा-मुळांत हवा खेळवणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून ते पाण्यात टिकते. रोपे मुळे धरेपर्यंत दोन-अडीच सेंटिमीटर पाणी ठेवा, नंतर पाच सेंटिमीटरपर्यंत वाढवा. चिखलणीत राहिलेले उंचवटे मोडा, कारण पहिले पाखड तिथेच दिसते. खेकड्यांनी बांध पोखरला असेल तर आजच बुजवा.

पाखडाची खरी अडचण वेगळी आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण डोळ्यांना वेगळे दिसणारे गवत उपटत आलो, म्हणून भातासारखे दिसणारे तेवढे वाचत गेले. राबातून, म्हणजे रोपवाटिकेतून, रोपांची मूठ बांधताना ते रोपांबरोबर येते आणि आपल्याच हाताने लागते. पान खोडाला जिथे मिळते तो सांधा पाहा: भाताला तिथे पातळ पांढरी जिभली असते, पाखडाचा सांधा कोरा असतो. एवढी खूण आवणीच्या बायांना दाखवून ठेवलीत तरी मोठे काम होईल.

हळवे (लवकर तयार होणारे) भात १५ बाय १५ आणि गरवे (उशिरा तयार होणारे) २० बाय १५ सेंटिमीटरवर लावा. विरळ लावणीत मधली मोकळी जागा तणाला मिळते. तणनाशक वापरायचे असेल तर लेबलवरची मात्रा आणि मुदत पाळा. युरिया मात्र बेणल्यावरच टाका. आधी टाकलात तर तो पाखडही खाईल.

खार जमिनीत पावसाने मीठ धुऊन निघाल्याशिवाय आवणी करू नका. तिथे पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ यांसारख्या क्षार सोसणाऱ्या जाती लावा.

बांध रिकामे असतील तर त्यांवर तूर टोका. भात कापल्यावर ओल असेपर्यंत वाल पेरता येईल, त्यासाठी बियाणे आत्ताच राखून ठेवा.