कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायचाय? परवडणारा आणि टिकणारा असा निवडा

चेक इंजिनचा दिवा लागतो, गॅरेजवाला स्कॅनर लावतो, पी०४२० असा कोड दिसतो आणि निकाल लागतो, ‘कॅट गेला, बदलावा लागेल.’ कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनचा धूर स्वच्छ करणारा एक्झॉस्टच्या नळीतला डबा. नव्या कॅटचा आकडा ऐकून पोटात गोळा येतो. त्या डब्यातल्या सिरॅमिकच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांचा निकाल तिथेच लागतो आणि किंमतही त्या थराचीच असते.

दुकान गाठण्याआधी कॅट खरंच गेलाय का, ते तपासा. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. या कोडचा अर्थ एवढाच की कॅट पुरेसं काम करत नसल्याचं गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतंय. एक्झॉस्टचं गॅस्केट गळत असेल किंवा कॅटच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर बिघडला असेल तरी हाच कोड येऊ शकतो. इंजिन गार असताना सुरू करा आणि जोडांपाशी फटफट आवाज येतो का, काजळीचे डाग आहेत का, ते बघा. मग गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवा. मेकॅनिकला स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे, लावायला सांगा आणि स्वतः शेजारी उभे राहा. इंजिन अडीच हजार आरपीएमवर धरल्यावर मागच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहिलं, तर कॅट जिवंत आहे. ते ०.१ आणि ०.९ च्या मध्ये सारखं वरखाली होत असेल, तर कॅट संपत आलाय. गार डब्यावर मुठीने ठोकून आत खुळखुळलं, तर जाळी फुटलीय. तिचे तुकडे अडकले की चढावर गाडीचा पिकअप पडतो.

कॅट खरंच गेला असेल तर तो कशाने गेला, हे विचारल्याशिवाय नवा घेऊ नका. गाडी मिसिंग मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस त्या मौल्यवान थरावर बसतो. प्लग, इग्निशन कॉइल, ऑइलची पातळी, कूलंट कमी होतंय का, हे सगळं आधी नीट करून घ्या. नाहीतर नवा कॅटही त्याच वाटेने जाईल आणि वॉरंटी मागायला गेलात तर विक्रेता हात वर करील.

आता खरेदी. गाडीची आरसी काढून उत्सर्जनाचा टप्पा (भारत स्टेज, म्हणजे बीएस) बघा: बीएस-३, बीएस-४ की बीएस-६. बीएस-६ गाड्यांमध्ये कॅट बहुतेक वेळा थेट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर येतो त्या पहिल्या नळीला, जोडलेला असतो आणि त्यावरची देखरेखही कडक असते. तिथे कंपनीचाच किंवा त्याच मॉडेलसाठी बनवलेला भाग घ्या. जुन्या बीएस-३, बीएस-४ गाडीला दुसऱ्या उत्पादकाचा, पण थेट बोल्टवर बसणारा कॅट हा माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा सौदा आहे. कापून वेल्डिंग करून बसवायचा ‘युनिव्हर्सल’ स्वस्त पडतो, पण त्यात मजुरी धरा आणि वेल्डर कसलेला आहे ना, ते पाहा. भाग क्रमांक, चासी नंबर आणि इंजिनची क्षमता सांगूनच ऑर्डर द्या. तो तुमच्या गाडीच्या टप्प्यासाठी बनवलाय हे बिलावर लिहून घ्या, वॉरंटीही लेखीच घ्या. अगदी स्वस्त मालात मौल्यवान धातू नावालाच असतो. बाहेरून डबा तसाच दिसतो, पीयूसीही निघते, पण काही महिन्यांत दिवा पुन्हा लागतो.

सेकंड हँड कॅट बिलाशिवाय घेऊच नका. महाराष्ट्रात आणि गुजरातेत मारुती ईकोचे कॅटसकट सायलेन्सर रातोरात कापून नेणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या आहेत. आतल्या जाळीचा चुरा, म्हणजे ‘माती’, त्यातल्या धातूंसाठी विकला जातो. चोरीचा आहे हे माहीत असताना किंवा तसं वाटायला कारण असताना माल घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. तुमच्याच गाडीचा सायलेन्सर गेला असेल तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवा, मग विमा कंपनीला कळवा आणि त्यानंतरच नव्याची ऑर्डर द्या.

याच धातूंमुळे तुमच्या जुन्या, मेलेल्या कॅटलाही किंमत आहे. बरीच गॅरेजं तो गुपचूप ठेवून घेतात. काम देतानाच सांगा, ‘जुना मला परत हवा, नाहीतर त्याचे पैसे बिलातून वजा करा.’ दोन-तीन ठिकाणी भाव विचारलात तर नव्याचा भार बराच हलका होतो.

‘जाळी फोडून रिकामा करून देतो, कशाला खर्च करता?’ असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. बीएस-४ पेट्रोल गाडीला पीयूसीमध्ये आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. रिकाम्या डब्यातून ते जमवणं अवघड आहे. प्रदूषणाचे नियम मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि तो धूर आपल्याच गल्लीतली मुलं श्वासात घेतात.

बसवताना गॅस्केट नवीनच वापरा. सेन्सरच्या आसपास सिलिकॉन सीलंट लावू देऊ नका, त्याने सेन्सर खराब होतो. वेल्डिंग असेल तर आधी बॅटरीचं कनेक्शन काढायला सांगा. पहिल्यांदा गरम होताना थोडा वास आणि धूर येतो, त्याला घाबरू नका. कोड पुसून शहरात आणि हायवेवर मिळून शंभरेक किलोमीटर गाडी चालवा, पुन्हा स्कॅनर लावा आणि इंजिन गरम असतानाच पीयूसी काढा. ती पावती बिलाला जोडून ठेवा, वॉरंटीच्या काळात भांडायची वेळ आली तर तीच कामी येते.